जुन्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेलरचा पत्रा दुरुस्त करणं आणि रिव्हेट मारणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतलेल्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवलंय. मी स्वतः दोन ट्रेलरचे पत्रे बदललेत, दुसऱ्याचा तर मागचा अर्धा भाग, त्यामुळे जे हाताने केलंय तेच जास्त सांगतोय.

माझा ट्रेलर जुना आहे, पण हे सगळं त्याला लागू होतं का?

आधी तेच बघा, कारण जुन्या ट्रेलरमध्ये दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एका जातीत पत्रा हाच सांगाडा असतो, म्हणजे विमानाच्या पद्धतीची बांधणी. १९३४ चा बोलस रोड चीफ, १९३६ चा एअरस्ट्रीम क्लिपर आणि त्यानंतरचे एअरस्ट्रीम, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या टल्साच्या स्पार्टन विमान कंपनीने काढलेले ट्रेलर, हे सगळे या जातीचे. हॉली बोलस हा मुळात विमानवालाच, अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या लिंडबर्गचं स्पिरिट ऑफ सेंट लुइस हे विमान १९२७ मध्ये ज्या कारखान्यात बनलं तिथे बांधणीवर देखरेख करायचा, तेव्हा त्याने ट्रेलरही तसाच बांधला यात नवल नाही. आत पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या फासळ्यांसारख्या रिब, वर पत्रा आणि दोघांना धरून ठेवणारे हजारो रिव्हेट, म्हणजे भोकातून घालून दुसऱ्या टोकाला पसरवलेले धातूचे खिळे.

दुसरी जात म्हणजे लाकडी चौकटीवर पातळ रंगवलेला पत्रा खिळे आणि स्टेपल मारून बसवलेले, बाजूने हॅमच्या डब्यासारखे दिसणारे. तिथे पत्रा फक्त पाऊस अडवतो, वजन लाकूड पेलतं. अशा ट्रेलरचा पत्रा सुटला असेल तर आतलं लाकूड कुजलंय हे जवळजवळ ठरलेलं, आणि कुजक्या लाकडावर नवा पत्रा लावून काही मिळत नाही. खाली जे लिहिलंय ते पहिल्या जातीसाठी.

पत्रा हाच सांगाडा म्हणजे नक्की काय, आणि त्याने दुरुस्तीत काय फरक पडतो?

सगळाच फरक पडतो. मोटारीचं मडगार्ड चेंबलं तर गाडी चालते, ते फक्त दिसण्यापुरतं असतं. इथे तसं नाही. ट्रेलर खड्ड्यातून जातो तेव्हा जो पीळ बसतो तो पत्र्यातून रिव्हेटमध्ये, रिव्हेटमधून रिबमध्ये आणि तिथून खाली फ्रेममध्ये जातो. मधला एक तुकडा फाटलेला असेल किंवा नुसता सीलंटने चिकटवलेला असेल तर तो भार शेजारच्या रिव्हेटवर पडतो, मग ते सैल होतात, मग त्यांच्या भोकातून पाणी शिरतं, आणि दोन पावसाळ्यांत खालचं प्लायवूड मऊ झालेलं सापडतं. म्हणून फाटलेल्या पत्र्यावर टेप किंवा फायबरचा लेप लावून 'तात्पुरतं' करून ठेवू नका हो, ते तात्पुरतं वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि आतून नुकसान होत जातं.

नुसता पोचा आलाय, फाटलं नाहीये. ठोकून निघेल का?

पोचा कसला आहे त्यावर आहे. उथळ, पसरट, कडा नसलेला पोचा असेल तर बऱ्यापैकी निघतो. आतलं पॅनल काढून आतून हळूहळू दाबत आणायचा, बाहेरून गुळगुळीत डॉली, म्हणजे हातात धरायचा धातूचा ठोकळा, धरायची, हातोडी रबराची किंवा लाकडाची किंवा वाळू भरलेली चामड्याची पिशवी, आणि कडेकडून मधे यायचं, एकदम मधेच ठोकायचं नाही. पण ज्या पोच्यात घडी पडलीय, म्हणजे बोट फिरवल्यावर धार लागते, तिथे पत्रा ताणला गेलेला असतो आणि कडकही झालेला असतो, ठोकत राहिलात तर एक तर चीर जाते नाही तर पत्रा पसरून फुगवटा येतो. फुगवटा आला की तो डब्याच्या झाकणासारखा टॉक-टॉक आत-बाहेर करत बसतो, आणि ते मूळ पोच्यापेक्षा वाईट दिसतं.

गरम करून काढायचा मोह आवरा. हा पत्रा उष्णतेने कडक केलेल्या जातीचा असतो, टॉर्च लावला की तेवढी जागा मऊ पडते आणि ती ताकद घरी परत आणता येत नाही.

बॉडी पुट्टी भरायची का असंही विचारतात. ट्रेलर रंगवणार असाल तर छोट्या पोच्यात चालून जाईल. उघडा पॉलिश केलेला ठेवायचा असेल तर प्रश्नच नाही, पुट्टी कधी चमकत नाही.

माझं स्वतःचं मत सांगू का, साठ-सत्तर वर्षं रस्त्यावर काढलेल्या ट्रेलरवर दोन-चार उथळ पोचे असले तर असू द्यावेत. पाणी येत नसेल आणि रिव्हेट घट्ट असतील तर त्यासाठी मूळ पत्रा काढून टाकू नये.

पॅच लावू की पूर्ण पॅनल बदलू?

भोक किंवा फाटणं तळहाताएवढं असेल आणि जवळच्या शिवणीपासून, म्हणजे दोन पत्रे जोडलेल्या रेघेपासून, लांब असेल तर पॅच. फाटणं शिवणीपर्यंत गेलं असेल, किंवा रिबवरून गेलं असेल, किंवा एकाच पत्र्यावर तीन-चार पॅच लागणार असतील तर सरळ पॅनल बदला, काम कमी पडतं आणि दिसतंही चांगलं. मधला एक मार्ग आहे जो बरेच लोक विसरतात: पॅनलचा अर्धाच भाग बदलायचा आणि नवी शिवण रिबवर आणायची. मूळ ट्रेलरमध्येही शिवणी रिबवरच असतात, त्यामुळे नवी शिवण कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

पॅच करताना कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते. आणि मूळ पत्र्यातल्या चिरेच्या दोन्ही टोकांना आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती चीर पॅचखालून पुढे सरकत नाही. चिरेचं टोक डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं, भिंगातून बघा आणि तिथे भोक घ्या.

पत्रा कुठला घ्यायचा?

बाहेरच्या अंगासाठी २०२४-टी३ अल्क्लॅड, जाडी ०.०३२ इंच, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर. हीच जात विमानात वापरतात आणि जुन्या एअरस्ट्रीममध्येही हीच सापडते. तुमच्या ट्रेलरची जाडी मात्र मायक्रोमीटरने मोजून घ्या, आणि मोजायच्या आधी रंग खरवडून काढा, नाही तर रंगाची जाडीही मोजली जाते.

अल्क्लॅड म्हणजे काय तर मधे कडक मिश्रधातू आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम गंजाला टिकतं आणि आरशासारखं चमकतं, मधला तांबे असलेला मिश्रधातू ताकद देतो पण उघडा पडला तर लवकर खराब होतो. या जाडीच्या पत्र्यात तो थर एका बाजूला जाडीच्या ५ टक्के असतो, म्हणजे ०.०४ मिलिमीटर, कागदापेक्षाही पातळ. हा आकडा डोक्यात ठेवा म्हणजे सँडपेपर हातात घ्यायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा मऊ पत्रा नको. पोटाखालच्या पॅनलला, जिथे भार नसतो, तिथे ५०५२ चालतो, उलट तो वाकवायला सोपा. आणि अजून एक, पत्र्याला लाटल्याच्या दिशेने बारीक रेघा असतात, पॅच कापताना त्या रेघा आजूबाजूच्या पत्र्याशी जुळवून घ्या. आडवा-उभा उलटा पडला तर कितीही पॉलिश करा, उन्हात तो तुकडा वेगळाच दिसत राहतो.

सरळ वेल्डिंग का करू नये?

२०२४ जातीला साधं वेल्डिंग सोसत नाही, थंड होताना सांध्यात चिरा पडतात आणि आजूबाजूची ताकदही जाते. म्हणूनच तर रिव्हेट.

पुढचं-मागचं गोल टोक चेंबलंय, ते घरी बनवता येईल का?

इथे खरं सांगायला पाहिजे. बाजूचे पत्रे फक्त एका दिशेने वळलेले असतात, सपाट शीट घेऊन नुसतं ओढून बसवलं की ते वळण घेतं. टोकाच्या पाकळ्या दोन्ही दिशांनी वळलेल्या असतात, संत्र्याच्या सालीसारख्या, आणि त्या कारखान्यात साच्यावर ताणून बनवलेल्या असतात. सपाट पत्र्यातून तो आकार आणायला इंग्लिश व्हील, म्हणजे दोन चाकांमधे पत्रा दाबून गोलाई आणणारं यंत्र, आणि त्यावर बरीच वर्षं बसलेला हात लागतो. भंगारात निघालेल्या त्याच काळातल्या ट्रेलरची पाकळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. फक्त किती पाकळ्यांचं टोक आहे ते आधी मोजा, वेगवेगळ्या वर्षांत ती संख्या वेगळी होती आणि एकाची पाकळी दुसऱ्याला बसत नाही.

जुने रिव्हेट कसे काढायचे?

इथेच सगळ्यात जास्त पत्रे खराब होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

फक्त डोकं ड्रिल करायचंय, पत्रा नाही. डोक्याच्या मधोमध बारीक खळगा असतो तो बघा, नसेल तर सेंटर पंचने हलका मारा, आतून कुणीतरी ठोकळा धरलेला असू दे नाही तर पत्रा आत जातो. मग ४० नंबरच्या, म्हणजे २.५ मिलिमीटरच्या बिटने फक्त डोक्याच्या उंचीइतकंच आत जा. ड्रिलचा आवाज थोडा बदलतो आणि कीस लांब यायचा बंद होतो, तिथे थांबा. मग त्या भोकात त्याच मापाचा पिन पंच घालून बाजूला कलता केला की डोकं टक् करून उडतं. राहिलेला दांडा आतल्या बाजूला पंचने ढकलायचा, परत आतून आधार देऊन, आधाराला मधे भोक असलेला लाकडी तुकडा उत्तम.

पहिल्या ट्रेलरवर मी घाई केली आणि ३० नंबरच्या बिटने आरपार ड्रिल करत सुटलो. जुना रिव्हेट सैल असला की बिटबरोबर गरागरा फिरतो आणि फिरता फिरता भोक अंडाकृती करून ठेवतो. एका रांगेत अकरा भोकं अशी गेली आणि त्या सगळ्यांत मोठ्या मापाचे रिव्हेट घालावे लागले, ती रांग आजही वेगळी दिसते. रिव्हेट फिरत असेल तर बोटाने किंवा टेपने आतला भाग धरून ठेवा, किंवा आतून त्याचं पसरलेलं डोकं छिन्नीसारख्या कटरने कापून घ्या.

काढलेला जुना पत्रा फेकू नका. तोच तुमचा नमुना. नव्या शीटवर ठेवून बाहेरची रेघ मारायची आणि जमत असेल तर भोकंही त्यातूनच उतरवायची.

भोकांमधलं अंतर किती ठेवायचं?

रिव्हेटची जाडी हेच माप धरा. कडेपासून भोकाचा मध्य कमीत कमी दोन जाड्या आत, आणि दोन भोकांत कमीत कमी तीन जाड्या. सर्वसाधारण रिव्हेट १/८ इंची म्हणजे ३.२ मिलिमीटरचा, तेव्हा कडेपासून साडेसहा मिलिमीटर तरी सोडा, मी आठ सोडतो कारण हात जरासा हलला तरी भागतं. पॅनल बदलताना मात्र हिशोब करत बसू नका, रिबवर जुनी भोकं आहेत तीच वापरा. रिबमध्ये जुन्याच्या शेजारी नवी भोकं पाडत गेलात तर रिबची चाळणी होते.

क्लेको म्हणजे काय, आणि तो नसला तर चालेल का?

स्प्रिंगची छोटी पिन, खास पकडीने दाबून भोकात घालायची, सोडली की दोन्ही पत्रे घट्ट आवळून धरते. मापाप्रमाणे रंग असतात, ३/३२ ला चंदेरी, १/८ ला तांब्याचा, ५/३२ ला काळा. नाही, त्याच्याशिवाय चालत नाही. स्क्रू घालून धरतात काही जण, पण स्क्रूचे आटे भोक खातात. एका पॅनलला शंभर-सव्वाशे क्लेको सहज लागतात.

पद्धत अशी की मधून सुरुवात करायची आणि बाहेर जायचं, म्हणजे पत्रा ताणत कडेला जातो आणि मधे फुगवटा राहत नाही. आधी ४० नंबरने छोटी भोकं, दर तिसऱ्या-चौथ्या भोकात क्लेको, सगळं पॅनल नीट बसलंय असं वाटलं की ३० नंबरने, म्हणजे ३.२६ मिलिमीटरने मोठी करायची. मग, आणि इथे कंटाळा करू नका, सगळं परत सोडवायचं. दोन पत्र्यांच्या मधे कीस अडकलेला असतो आणि प्रत्येक भोकाला बर, म्हणजे कडेला उठलेली धातूची धार, आलेली असते. मोठं बिट हातात धरून भोकावर दोन वळसे दिले की बर निघते, दोन्ही बाजूंनी. बर राहिली तर पत्रे एकमेकांवर बसत नाहीत आणि रिव्हेट त्या फटीत फुगतो. पुसून, सीलंट लावून, परत क्लेको. लोकांना वाटतं रिव्हेट मारणं हे काम आहे. रिव्हेट मारायला तीन सेकंद लागतात, काम हे आहे.

भरीव रिव्हेट, ऑलिम्पिक आणि पॉप, यातला कुठला कुठे?

भरीव, म्हणजे बकिंगचे रिव्हेट, बाहेरून हवेच्या गनने ठोकायचे आणि आतून बार धरून पसरवायचे, बाहेरच्या पत्र्यासाठी पहिली पसंती. भोकात पूर्ण फुगून बसतात, पाणी अडवतात, ताकद पूर्ण देतात. 'एडी' खुणेचे घ्या, २११७ मिश्रधातूचे, डोक्यावर मधे बारीक खळगा असतो, आणि डब्यातून काढून तसेच मारता येतात. डोक्यावर दोन छोट्या उंच रेघा असलेले दिसले तर ते वेगळ्या जातीचे, मारायच्या आधी फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, तुम्हाला नको. अगदी गुळगुळीत डोक्याचे, काहीच खूण नसलेले, मऊ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे असतात, ते भाराच्या जागी घालू नका.

ऑलिम्पिक रिव्हेट एका बाजूने मारायचे, आत तीन पायांवर पसरतात, मग बाहेर राहिलेलं टोक छोट्या शेव्हरने तासून टाकलं की डोकं भरीव रिव्हेटसारखं दिसतं. जिथे आत हातच जात नाही तिथे वापरा, प्रत्येक रिव्हेटखाली सीलंटचा थेंब लावून. पूर्ण पॅनल ऑलिम्पिकने बसवलेलं मी पाहिलंय, काही वर्षांनी त्यातले बरेच हलत होते.

पॉप रिव्हेट, म्हणजे मधला दांडा ओढून एका बाजूने बसवायचे पोकळ, आतल्या पॅनलला आणि पोटाखाली. बाहेर नाही. मधल्या भोकातून पाणी सरळ आत जातं, आणि पोलादी दांड्याचे असतील तर गंज पत्र्यावरून ओघळतो.

रिव्हेटची लांबी कशी ठरवायची?

जेवढे पत्रे मिळून जाडी होते ती, अधिक रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट. उदाहरणार्थ ०.८ चे दोन पत्रे म्हणजे १.६ मिलिमीटर, त्यात ३.२ ची दीडपट ४.८ मिळवा, झाले ६.४, म्हणजे पाव इंच. विमानाच्या भाषेत हा एएन४७०एडी४-४: पहिला ४ म्हणजे जाडी बत्तिसाव्या भागांत, दुसरा ४ म्हणजे लांबी सोळाव्या भागांत. खाली रिब आली किंवा तीन थर आले की लांबी बदलते, म्हणून दोन-तीन मापं जवळ ठेवा आणि वाट्यांवर चिकटपट्टीने लिहून ठेवा.

जुन्या ट्रेलरवर बरेचदा जरा चपट्या, रुंद डोक्याचे रिव्हेट असतात. दिसायला तसेच हवे असतील तर तेच शोधा, आणि गनमधला सेट, म्हणजे डोक्यावर टेकणारा वाटीदार तुकडा, त्याच डोक्याच्या मापाचा घ्या. सेटची वाटी चुकीची असली की पत्र्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो आणि तो जन्मभर राहतो.

गन आणि बार कसा वापरायचा?

दोन माणसं लागतात. एक बाहेर गन घेऊन, एक आत लोखंडी बार घेऊन. गन २एक्स किंवा ३एक्स जातीची, हवा साधारण ३५ ते ४० पीएसआय, पण प्रत्येक गन वेगळी, आधी भंगार पत्र्यावर पंचवीस-तीस मारून बघा आणि मगच ट्रेलरला हात लावा. बार साधारण दीड किलोचा, तोंड आरशासारखं घासलेलं.

गन पत्र्याला काटकोनात, डोक्यावर घट्ट दाबून, मग ट्रिगर. ट्रिगर सोडल्याशिवाय गन उचलायची नाही. आतल्या माणसाने बार नुसता टेकवायचा, जोर लावायचा नाही. आधी बार लागला पाहिजे, मग गन. उलटं झालं तर पत्र्यात खड्डा पडतो.

आतल्या-बाहेरच्याला एकमेकांचं काही ऐकू येत नाही, कानात बोळे असतात. विमानवाल्यांची जुनी रीत आहे, आतल्याने बारने पत्र्यावर ठोकून सांगायचं: एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झाला, तीन म्हणजे बिघडला, काढ. आमच्याकडे आत माझा मेव्हणा होता. पहिल्या तासात आम्ही ओरडून ओरडून घसा बसवला, मग या खुणा सुरू केल्या आणि कामाला लय आली. गन घुर्रर्र करून थांबायची, मधे क्षणभर शांतता, मग आतून टक टक, आणि माझा हात आपोआप पुढच्या क्लेकोकडे. संध्याकाळपर्यंत एक पूर्ण बाजू झाली आणि त्यात तीन टकटक फक्त चार वेळा ऐकू आल्या.

रिव्हेट चांगला बसलाय हे कसं ओळखायचं?

आतलं पसरलेलं डोकं बघा. रुंदी मूळ जाडीच्या दीडपट, उंची अर्धी. १/८ चा असेल तर रुंदी ४.८ आणि उंची १.६ मिलिमीटर. पत्र्याच्या तुकड्यात त्या मापाचं भोक पाडून गेज बनवा. डोकं एका बाजूला कललेलं म्हणजे बार तिरका होता. कडेला चिरा म्हणजे फार वेळ हलके ठोके मारले आणि धातू कडक होऊन फुटला, हवा वाढवा आणि कमी वेळात संपवा. अगदी पातळ चपटं झालं असेल तर जास्त मारलं. आणि बाहेरच्या डोक्याखाली नखाची कड किंवा कागद सरकत असेल तर तो रिव्हेट बसलेलाच नाही, काढा.

भोक मोठं झालं, आता?

एक माप वर जा, ५/३२, बिट २१ नंबरचं. आधी कडेचं अंतर पुरतंय का बघा. त्यापेक्षाही मोठं झालं असेल तर आतून एक पट्टी घालून शेजारी नवी भोकं घ्या. मोठ्या भोकात छोटा रिव्हेट आणि भरपूर सीलंट, असं करू नका.

सीलंट कुठलं आणि कुठे?

पॉलियुरेथेनचं, राखाडी रंगाचं, ट्रेमप्रो किंवा सिकाफ्लेक्ससारखं. दोन पत्र्यांच्या मधे पातळ पट्टा ओढायचा आणि रिव्हेट ओलं असतानाच मारायचे. नंतर आतून सगळ्या शिवणी आणि रिव्हेटच्या शेपट्यांवर परत एक हात. बाहेरून फासलेलं सीलंट ऊन खातं, दोन-तीन वर्षांत सुटतं, आणि दिसतंही घाण.

सिलिकॉन मात्र नको. ते सुटतं तेव्हा मागे जो चिकट अंश राहतो त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही, रंगही नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या जातीचं तर धातूलाच खातं. आधीच्या मालकाने लावलेलं असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून शेवटच्या तुकड्यापर्यंत काढा.

कुठला पत्रा वर आणि कुठला खाली?

कौलांसारखं. वरचा पत्रा खालच्याच्या वर यायला हवा, म्हणजे पाणी ओघळून जातं. उभ्या शिवणीत पुढचा मागच्यावर, म्हणजे चालताना वारा आणि पाऊस शिवणीत घुसत नाही. पॅचची वरची कड जमलं तर वरच्या शिवणीखाली सरकवा.

खाली फ्रेमजवळ पांढरी पावडर आणि भोकं दिसतायत, हे काय?

अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मधे ओल आली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. खालच्या चॅनलमध्ये, फ्रेमच्या आडव्या हातांजवळ आणि मागच्या टोकाला हे हमखास असतं, कारण मागच्या खिडकीतून आणि दिव्यांतून पाणी तिथेच साचतं. नवा पत्रा लावायच्या आधी खालचं प्लायवूड सुऱ्याने टोचून बघा, पातं सहज आत गेलं तर आधी जमिनीचं काम. मग पोलादाला चांगला प्राइमर आणि रंग, आणि जिथे दोन धातू भेटतात तिथे मधे टेप किंवा रबराची पट्टी. हे न करता वरून चकचकीत पत्रा बसवलात तर पाच-सात वर्षांत तिथेच परत उभे राहाल.

कापलेल्या कडांपासून आणि रिव्हेटपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पत्र्यावर पसरलेल्या दिसल्या तर तो वेगळा गंज, जुन्या क्लिअर कोटखाली वाढतो. कोट काढून साफ केला की थांबतो, पण रेघांची खूण राहते.

आतली पॅनल काढलीच पाहिजेत का?

भरीव रिव्हेट मारायचे तर हो. आणि काढलीत की घाबरू नका, आत काचेच्या लोकरीत उंदरांची घरटी निघणारच. कोरडं झाडू नका, आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, चांगला रेस्पिरेटर घाला, लोकर पिशव्यांत भरून बाहेर. वायरिंगचा फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे जाते ते नंतर आठवत नाही.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका. डोळ्यांना गॉगल, कानांना बोळे. आणि ज्या ग्राइंडरवर पोलाद घासता त्यावर अ‍ॅल्युमिनियम घासू नका, दोघांची भुकटी एकत्र पेटते.

गळती कशी तपासायची?

आतली पॅनल परत लावायच्या आधी, हे फार महत्त्वाचं. एक माणूस आत टॉर्च आणि खडू घेऊन, एक बाहेर पाण्याची नळी घेऊन. खालून सुरुवात करायची आणि हळूहळू वर, प्रत्येक शिवणीवर काही मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि गळती नक्की कुठली ते कळत नाही. नळीचा जोरदार फवारा नको, पावसासारखं पडू दे. दुसरी पद्धत, आत ब्लोअर लावून हवेचा थोडा दाब द्यायचा आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की तिथे खूण.

नवा पत्रा फार चमकतो, जुना मळका. जुळवायचं कसं?

जुन्याला पॉलिश करा, नव्याला मळवू नका. मऊ कापड आणि अ‍ॅल्युमिनियमचं पॉलिश, खरखरीत काही नाही. वर सांगितलेला ०.०४ मिलिमीटरचा थर आठवा, सँडरने एकदा तो गेला की तिथला पत्रा कायम करडा दिसतो आणि गंजही तिथूनच धरतो. नव्या पत्र्यावरची प्लास्टिकची फिल्म शेवटच्या रिव्हेटपर्यंत काढू नका, फक्त रिव्हेटच्या रांगेपुरती सोलून घ्या. उन्हात मात्र फिल्म लावून ट्रेलर महिनोन्महिने उभा करू नका, ती भाजून चिकटते आणि मग नखाने एकेक तुकडा काढत बसावं लागतं.